पोप राहिला, असं तुम्ही सांगितलंत

मास्तर,

कारखान्याच्या फाटकाची दोन्ही दारं, मागांसाठी एकशे चाळीस धोटे, सुरतेत बमरोलीतल्या आमच्या घराचं छप्पर, बायकोचं पोळपाट, आणि तुमची शवपेटी, सागाची, एकही खिळा न मारता. एवढं मी माझ्या हातांनी केलं. शाळा चौथीपर्यंत; बाकीचं तुमच्याकडून आणि पुस्तकांतून.

रंधा मारताना तुम्ही त्या जुन्या पोपची गोष्ट सांगायचात. रोममध्ये प्लेग, आधीचा पोप त्यातच गेलेला, आणि हा मात्र राहिला. सात जथ्थ्यांत लोकांना प्रार्थना करत शहरातून चालवलं. मी विचारलं, "त्याला भीती नाही वाटली?" तुम्ही म्हणालात, "फळी सरळ धर. भित्र्याला पोप करतात का?"

तुम्ही गेल्यावर अठरा वर्षांनी सुरतेत प्लेग आला. औषधांच्या दुकानांतल्या प्लेगवरच्या कॅप्सूल संपल्यात, स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही, आणि मी तोंडाला रुमाल बांधून त्याच पोपचं चरित्र वाचतोय. चौकबाजारातून आणलेलं, इंग्रजी, मांडीवर शब्दकोश. मी हलणार नाही असं गल्लीभर सांगून बसलोय. धाकटीचं अंग सकाळपासून तापलंय. बायको गाठोडं बांधता बांधता विचारते, "तुमना पोपले पोरेसोरे व्हतात का?"

नव्हती. पण पुढचं पान उलटलं तर त्या प्रार्थनेत, चालता चालता, ऐंशी माणसं पडून मेली. हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. आणि पोप म्हणून निवड झाल्यावर त्याने बादशहाला पत्र लिहिलं होतं, मला मान्यता देऊ नका म्हणून. शहराच्या अधिकाऱ्याने ते वाटेतच अडवलं. म्हणजे त्यालाही सुटायचंच होतं. मास्तर, तुम्हाला हे माहीत होतं, की तुम्ही ऐकलं तेवढंच मला दिलंत? मी तुमच्या तेवढ्यावर चार जणांचं घर त्या गावात धरून ठेवलं होतं.

त्या दुपारी कारखान्याचा शेट दारात आला, गाडी चालूच ठेवून. "मिस्त्री, तमे तो रहेवाना ने?" मी म्हटलं, नाही राहणार, पोरगी तापलीय, गावी धुळ्याला चाललो. अजूनही सगळ्यांना तेच सांगतो. तुम्हाला हे पोचणार नाही म्हणून लिहितो: शेट येण्याआधीच मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला होता, ते गार होतं. पंधरा दिवस कारखाना राखायचे तो पाच हजार रुपये देत होता. मी नाही म्हटलं.