भिंतीची तहान

आये,

तुला अक्षर ओळखू येत नव्हतं, म्हणून उभ्या जन्मात तुला कधी चिठ्ठी लिहिली नाही. आज लिहायला बसले, कारण सकाळी न्हाणीघराच्या कामाला गवंडी आला आणि त्याच्या हाताखालच्या बाईने गिलाव्याच्या आधी जुन्या भिंतीवर तांब्याने पाणी मारलं. मी हातातला चहा तसाच ठेवून आत निघून आले. सून विचारत राहिली, "काय झालं आई?" काय कपाळ सांगू तिला!

वेशीजवळची ती धर्मशाळा. मी पाच वर्षांची असेन. कर्जतकडून आपण नुकतेच नगरात आलेलो आणि तिथल्या मोठ्या खोलीच्या गिलाव्यावर तुला काम मिळालेलं. चुन्यात गूळ, हिरड्याचं पाणी. हातात गुळगुळीत गोटा घेऊन तू दिवसच्या दिवस भिंत घोटत बसायचीस. मी कंटाळून भोकाड पसरलं की म्हणायचीस, "थांब की गं, तुला आरसा करती." आणि खरंच केलास. त्या भिंतीत मी माझं तोंड पहिल्यांदा पाहिलं, अंधुक, शेंबडं. मग कितीतरी दिवस तू सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी मारत होतीस. "चुन्याला तान लई," तू म्हणायचीस, "पानी पाजलं की शंभर वरसं हालत न्हाई."

शंभर कुठली! वीस वर्षांत तिथे गाळे आणि रुंद रस्ता करायचं ठरलं. बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. तू लांब माळावर खडी फोडायला जायचीस, तळहाताला फोड घेऊन परत यायचीस. मी मॅट्रिक झालेली, धर्मशाळा पाडायचं काम घेतलेल्या ठेकेदाराकडे हजेरी लिहीत होते. तुला न विचारताच मी तुझं नाव घातलं. घराजवळ, सावलीत काम, म्हणून मीच किती हुरळले होते. घरी येऊन ऐटीत सांगितलं. तू विचारलंस, "कंची इमारत?" मी सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली तरी तू उलटली नाहीस. पुढे एवढंच म्हणालीस, "तू शब्द टाकलास, तर येती."

पहिल्याच दिवशी सगळे पहारी घेऊन उभे, आणि तू तुझा प्यायचा तांब्या त्या भिंतीवर ओतलास. गडी फिदीफिदी हसले. मुकादम माझ्याकडे बघायला लागला. चार-चार दिवस नळाला पाणी येत नव्हतं, आये, माझी लाजेने लाही लाही झाली. मी सगळ्यांसमोर ओरडले, "प्यायला थेंब नाही आणि दगडाला पाजतेस? डोकं फिरलंय का तुझं?"

तू वळून पाहिलंस. रागाने नाही, ते तरी बरं झालं असतं.

"जानाऱ्याच्या तोंडात पानी घालत्यात, बाई," तू म्हणालीस. ओल्या भिंतीवरून एकदा तळवा फिरवलास, आणि पहिली पहार तूच मारलीस.

त्या दिवशी तू दिवसभर पाण्यावाचून राबलीस. माझ्या टेबलाखाली ठेकेदारसाहेबासाठी भरलेला माठ होता. एक पेला नेऊन दिला असता तर कोण मला फाशी देणार होतं? नाही दिला. मान खाली घालून हजेरी लिहीत राहिले. भिंत आठ दिवसांत गेली. नवव्या दिवशी तू पुन्हा खडीवर निघालीस. मी चिडून विचारलं, "इथं काय वाईट होतं?" पायात चपला सरकवत तू म्हणालीस, "तितल्या दगडांची आन् माजी वळख न्हाई. बरं पडतं."

मी माफी मागितली नाही. उद्या मागू, उद्या मागू म्हणत राहिले, आणि तूही तो विषय कधी काढला नाहीस.

ही चिठ्ठी कपाटात साड्यांखाली राहील, दुसरं कुठं धाडणार? पण एक सांगून टाकते. दवाखान्यात शेवटचं पाणी माझ्या हातचं गेलं, असं मी सगळ्यांना सांगितलं, अजून सांगते. नाही गेलं, आये. मी पोचले तेव्हा तुझे ओठ मिटलेले होते. मी तरीही चमचा लावला. पाणी गालावरून खाली ओघळलं, आणि कुणी बघायच्या आत मी ते पदराने पुसून टाकलं.