चौथ्या प्रश्नाचं उत्तर

नजा तूत,
शुक्रवार, १५ जुलै १९९४

चि. इनशिराह हिला अनेक आशीर्वाद.

मावशीला आणि तिच्या यजमानांना माझा सलाम सांग. इकडे सगळे ठीक, अल्हम्दुलिल्लाह. ऊन मात्र मरणाचं आहे, गाढवंसुद्धा सावली सोडत नाहीत. काल तुझ्या घरी डोकावलो होतो. आईने तुझ्यासाठी उन्हात फुगवलेल्या शम्सी भाकऱ्या बांधून दिल्यात, त्या या पत्राबरोबर असयूतच्या गाडीवाल्याकडे देतोय. वाटेत त्याने दोन-तीन हाणल्या तर मला बोल लावू नकोस. वडील गिरणीत होते. फारसे बोलले नाहीत, पण चहा पाजला.

निकालाचं तुला कळलंच असेल. सानवियाच्या, शाळेच्या शेवटच्या परीक्षेचे बाकी विषय जाहीर झाले, पण आपल्या केंद्राचं गणित रोखून ठेवलंय, सगळ्यांचंच. सामुदायिक कॉपी, म्हणतात. पेपरच्या दिवशी कोणीतरी गच्चीवरून भोंग्यावर उत्तरं सांगत होतं, ते तुम्हीही आत ऐकलं असेल. चौथ्या प्रश्नाला सगळ्या पोरांनी एकच चूक केली आहे, अगदी एकसारखी. आणि मुखियांच्या, हाज दरदीरच्या कारट्याने तर कहर केला! उत्तर लिहिता लिहिता मध्येच त्याने लिहून ठेवलंय, ‘थांबा, परत सांगतो.’ तपासनिसाने ते वाचलं आणि तिथेच सगळ्यांची गठडी वळली. असे दिवटे आमच्याच नशिबी.

सोहागला चौकशी समिती बसली आहे. विषयशिक्षक म्हणून मलाही बोलावलं होतं. गेलो, चार प्रश्न विचारले, आलो. विशेष काही नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला कोणी विचारलंच तर म्हण, मला काही ऐकू आलं नाही, माझं लक्ष पेपरात होतं. पुढे काय ते बघू. तब्येतीला जप, मावशीला घरात मदत कर.

तुझा,
उस्ताद वहबा


नजा तूत,
गुरुवार, २८ जुलै १९९४

इनशिराह, बेटा,

तुझं पत्र मिळालं. ख्यालीखुशालीच्या दोन ओळी आणि खाली एवढंच: ‘उस्ताद, चौथ्याचं माझं उत्तर उणे सहा आलं होतं. मग भोंग्यावर तुमचा आवाज आला, तुम्ही सहा म्हणालात, म्हणून मी माझं खोडलं. माझं नेमकं कुठे चुकलं होतं?’

तू मला शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. ‘तुम्ही असं का केलंत’ हेही तुला विचारावंसं वाटलं नाही. विचारतेस काय, तर स्वतःची चूक! ते वाचून मी कागद उलटा करून ठेवला आणि बायकोला म्हणालो, डोकं दुखतंय.

तर आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझं कुठेही चुकलं नव्हतं. उणे सहाच. उणेचं चिन्ह मी खाल्लं. ‘चिन्ह बघा रे मेल्यांनो, चिन्ह बघा’ म्हणून तुमच्या डोक्यात टपल्या मारणारा मी.

आवाज माझाच होता. मागच्या पत्रात मी ‘कोणीतरी’ लिहिलं. तुला तो ओळखू आलाय, हे मला ठाऊक होतं, तरी लिहिलं. वर तुला खोटं बोलायला शिकवलं. मास्तरने पत्रातून शिकवायची गोष्ट ही!

कसं झालं ते सांगतो. सांगितल्याने मी धुतला जाणार नाही, पण तुला कळायला हवं. परीक्षेच्या आदल्या दिवशी हाज दरदीरने मला बोलावलं. लग्नाच्या मांडववाल्याकडून भोंगा आधीच आणून ठेवला होता. म्हणाला, “उस्ताद, पलीकडच्या गावात त्यांचा मास्तर गेली दोन वर्षं उत्तरं सांगतोय. तिथली पोरं डॉक्टर व्हायला निघाली. आमची पोरं काय अनाथ आहेत?” मी म्हणालो, “आमची पोरं तयार आहेत, हाज.” तो हसला. “माझा मुलगा तयार आहे? तोंडावर सांगा.” बाकीची मंडळीही हसली. मला हसू आलं नाही.

दबाव होता, नाही म्हणत नाही. पण खरं तेवढंच नाही. मलाही वाटलं, यांना येणार नाही. तीन वर्षं मी तुम्हाला शिकवलं आणि ऐन वेळी माझाच माझ्या शिकवण्यावर विश्वास राहिला नाही. परीक्षा कशासाठी असते? पोराला काय येतं ते कळावं म्हणून. मला ते कळायलाच नको होतं, इनशिराह. निकाल लागला आणि निम्मी पोरं गळाली, तर गाव म्हणेल, वहबा फुकाचा मिरवतो.

खिडकीतून पेपर बाहेर आला आणि मी मुखियांच्या गच्चीवर बसलो. घाम गळतोय, खालून पोरांचे बाप ओरडताहेत, “लवकर, उस्ताद, वेळ चाललाय!” कसाबसा सोडवला. मग भोंगा हातात घेतला, आणि हे लिहिताना माझे कान तापताहेत, पण मला मजा आली. सगळं गाव गप्प बसून माझं गणित ऐकत होतं. बायका ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. अशी शांतता मला वर्गात कधी मिळाली नाही.

तू आत असशील, हे माझ्या मनात आलंच नाही. तू ऐकशील आणि माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःचं खोडशील, हे तर नाहीच नाही.

आता याहून वाईट. समितीने बोलावलं तेव्हा तुझी उत्तरपत्रिका माझ्यासमोर ठेवली होती. समितीच्या प्रमुख इस्मत मॅडम, चष्मा नाकावर आलेल्या, हळू बोलणाऱ्या. म्हणाल्या, “उस्ताद, या एका मुलीने आधी बरोबर लिहिलंय, मग खोडून चुकीचं लिहिलंय. असं का व्हावं?” तुझं अक्षर मी शंभर वह्यांत ओळखेन. पायरी पायरीने, स्वच्छ, शेवटी उणे सहा आणि त्याखाली रेघ. मग त्यावर काट. पट्टीने मारलेली काट, बेटा. खोडतानासुद्धा नीट खोडलंस.

आणि मी काय म्हणालो? “मुली घाबरतात, मॅडम. ऐन वेळी गोंधळतात.”

असं म्हणून मी गाडी पकडली, घरी आलो आणि तुला ते पत्र लिहिलं.

तुझं उत्तर आलं तेव्हा मात्र मला बसवेना. रविवारी सोहागला गेलो. मॅडमना म्हणालो, “भोंग्यावर मी होतो. ती मुलगी गोंधळली नव्हती, तिने माझं ऐकलं.” त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, “तुम्हाला वाटतंय तुम्ही तिला सोडवताय. ऐकून बदललं म्हणजे तिनेही कॉपीच केली. आता तर साक्षीदार मिळाला.”

मी म्हणालो, “मग कागदावर जाऊ नका, मॅडम. कागद माझ्यामुळे नासलाय. तिला फळ्यासमोर उभी करा. हवा तो प्रश्न घाला, हव्या त्या माणसाने घाला. तिला येतं.”

“तेव्हा म्हणालात, घाबरते. आता म्हणता, येतं. यातलं काय धरू?”

“आत्ताचं धरा. तेव्हा मी स्वतःला वाचवत होतो.”

त्यांनी तुझी उत्तरपत्रिका परत उघडली. म्हणाल्या, “खोडलेल्या उत्तरावरून तोंडी परीक्षा घेता येईल, पण उत्तर का खोडलं, ते तुमच्या नावासकट, तुमच्या सहीने लिहून द्यावं लागेल. नोकरी राहणार नाही, कदाचित पुढेही काही होईल. घरी जाऊन विचार करा.” मी म्हणालो, “घरी गेलो की मी परत येणार नाही, मला मी माहीत आहे. कागद द्या.” तिथेच लिहून दिलं.

परत आल्यावर तुझ्या वडिलांकडे गेलो. त्यांनी तुला बजावलं होतं ना, एकच संधी, पुढचं वर्ष नाही, म्हणून त्यांना माझ्या तोंडून कळणं भाग होतं. गिरणी चालू होती. माझं बोलणं ऐकू येईना, म्हणून त्यांनी पट्टा उतरवला. ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पोरगी पेपरनंतर दोन दिवस जेवली नाही. मला वाटलं, तिला आलं नाही. मी तिला बोललो, तुझ्यावर खर्च केला तो पाण्यात गेला. माझ्या मुलीला मी असं बोललो, उस्ताद. आणि तुम्ही इथे बसून माझा चहा प्यायलात.” मी निघालो तेव्हा म्हणाले, “तोंडी परीक्षेला तिला मीच घेऊन जाईन. तुम्ही येऊ नका.” बरोबर आहे त्यांचं.

गावात माझ्याबद्दल काय चाललंय ते विचारू नकोस. हाज दरदीर सांगत फिरतो, मास्तरला ऊन लागलंय. पोरांचे बाप रस्ता बदलतात. त्यांच्या पोरांची परीक्षा परत होणार, तीही भोंग्याशिवाय, याचा राग माझ्यावर आहे. राहू दे. त्यांनाही माझ्यामुळेच भोगावं लागतंय.

आता नीट वाच. येत्या नाही, त्यापुढच्या शनिवारी, सकाळी, सोहागला शिक्षण खात्याच्या कचेरीत तुझी तोंडी परीक्षा. वडील आदल्या दिवशी, शुक्रवारी, तुला घ्यायला येतील. ते कदाचित गप्प असतील, रागावलेत असं समजू नकोस, त्यांना तुझी माफी मागायची आहे आणि ते जमत नाहीये. ती घ्यायला कैना शहरातले एक शिक्षक येणार आहेत. मी त्यांना ओळखत नाही, आणि तेच बरं. घाई करू नकोस. पायऱ्या मोठ्याने बोलत जा, म्हणजे तुझं डोकं कसं चालतं ते त्यांना दिसेल. अडलीस तर ‘अडलं’ म्हण, लाजू नकोस. लाजायचं काम सध्या माझ्याकडे आहे.

मी तुझी माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि एवढ्या स्वस्तात मला ती नको.

एकच सांगतो. फळ्यावर तुझं उत्तर आलं आणि मागून कोणी, कितीही ओळखीच्या आवाजात, दुसरं काही म्हणालं, तर मागे वळून बघू नकोस. खोडू नकोस.

वहबा