बॉयलरचा दाब उतरण्याचे खरे कारण कळविण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
वृद्ध देखभाल विभाग,
समाजसेवा कार्यालय, आकदेरे.

विषय : माझे सासरे श्री. हासिप तान्दोआन (वय ८१) यांना वृद्धाश्रमात हलविण्याचा आदेश स्थगित ठेवून घराची फेरतपासणी करण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या निरीक्षकांची दि. ९ जानेवारीची भेट. २) आपला दि. १४ जानेवारीचा आदेश.

महोदय,

मी, खाली सही करणारी गुल्सेर तान्दोआन, येथील पोस्टात पार्सलच्या खिडकीवर काम करते. माझे पती चार वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून त्यांचे वडील माझ्याकडे, म्हणजे खरे तर मी त्यांच्याकडे राहते. आपल्या आदेशानुसार २९ तारखेला सकाळी दहा वाजता गाडी येऊन त्यांना एकशे चाळीस किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात नेणार आहे. आज २२ तारीख. माझ्या हातात सात दिवस आहेत आणि त्यातले दोन सुट्टीचे.

आदेशात कारण एकच दिले आहे : ‘घरात चौदा अंश तापमान, बॉयलर बंद, वृद्धाच्या वास्तव्यास अयोग्य.’ हे खरे आहे. त्या दिवशी बाहेर उणे एकवीस होते आणि बाबा घरात ओव्हरकोट घालून बसले होते. निरीक्षकांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी दिसले ते लिहिले. मला जे दिसायला सहा आठवडे लागले, ते त्यांना पंधरा मिनिटांत कसे दिसावे? तरी ते आता क्रमाने मांडते.

१. आमच्या घरापुरत्या कॉम्बी बॉयलरच्या दाबाचा काटा दीड बारवर असावा लागतो. तो अर्ध्याच्या खाली गेला की यंत्र आपोआप बंद पडते. डिसेंबरपासून मी रोज झोपण्यापूर्वी पाणी भरून काटा दीडवर आणत असे आणि सकाळी सातला तो ०.४ वर असे. रोज पार्सले तोलते, मला ग्रॅमचाही फरक खपत नाही. अशा अडतीस नोंदी माझ्या वहीत आहेत.

२. पाणी भरायच्या नळापासून मी सुरुवात केली, तो घट्ट होता. मग सुरक्षा झडपेतून पाणी बाहेर जाते का हे पाहण्यासाठी तिच्या नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली. पिशवी तीन दिवस कोरडी राहिली. मग मिस्त्री याकुप उस्ता आले. दाब सांभाळणारी एक हवेची टाकी बॉयलरच्या पोटात असते, तिच्यात त्यांनी सायकलच्या पंपाने हवा भरली. तरी काटा उतरलाच. शेवटी त्यांनी बॉयलरखालचे दोन्ही कॉक बंद करून यंत्र घरातल्या पाइपांपासून तोडले आणि चार तास समोर स्टूल टाकून बसले. काटा हलला नाही. बॉयलर निर्दोष सुटला. पाणी पाइपांतून नाहीतर खोल्या तापविणाऱ्या रेडिएटरमधून जात होते.

३. पाइप फरशीखाली आहेत. खालच्या मजल्यावरच्या बाई मुकद्देस हानम यांच्या छतावर एक डाग आहे. त्यांनी झुंबर टांगताना ड्रिलने माझा पाइप फोडला, असा लेखी आरोप मी इमारतीच्या व्यवस्थापकाकडे केला. त्यावर माझ्या स्वयंपाकघरातली दोन मीटर फरशी उखडली. आत धूळ निघाली, ओल नाही. डाग त्यांच्या लग्नाच्या वेळचा निघाला. मी पूर्वी पाठविलेले हलव्याचे ताट त्यांनी दुसऱ्या दिवशी रिकामे परत केले. आमच्याकडे ताट कुणी रिकामे परत करत नाही, हे आपण जाणताच. ती तक्रार मी मागे घेतली आहे आणि मला त्याची लाज वाटते.

४. दि. १६ व १७ जानेवारीला बाबा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होते. दि. १७ व १८ च्या सकाळी काटा दीडवर होता. पाइप बरा झाला असे मला वाटले. दि. १८ ला बाबा डोळ्यावर पट्टी बांधून घरी आले. दि. १९ च्या सकाळी काटा पुन्हा ०.४. वहीतल्या त्या तीन ओळींकडे मी कामावर दिवसभर पाहत होते. एका बाईंचे पार्सल दोनदा तोलले.

५. दि. २० ला पहाटेच्या नमाजाआधी मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. बाबा आले. एका हातात काचेचा पेला, दुसऱ्यात रेडिएटरची हवा काढायची छोटी किल्ली. ते प्रत्येक रेडिएटरपाशी वाकले, कान लावला, किल्ली फिरवली, आणि हवा संपून पेला काठोकाठ भरेपर्यंत पाणी येऊ दिले. सात रेडिएटर, सात पेले. पाणी मोरीत ओतले. फडक्याने किल्लीचे भोक पुसले. फरशीवर एक थेंब नाही. त्यांच्या कामात कधीच सांडलवंड नव्हती, म्हणून तर आम्हाला गळती सापडली नाही.

मला पाहून ते अजिबात दचकले नाहीत.

“पोरी, तू नीज. सातव्यात हवा धरली होती, काढली. वर बाळंतीण आहे. तिची खोली गार पडून चालणार नाही.”

वर सध्या एक विद्यार्थी भाड्याने राहतो. त्या बाळंतिणीचे बाळ आता लष्करात आहे.

६. खुलासा असा की, बाबा या इमारतीचे एकतीस वर्षे बॉयलरचालक होते. तळघरात कोळशाचा बॉयलर होता आणि गच्चीवर टाकी. हवा काढताना जितके पाणी जाई तितके टाकीतून आपोआप खाली येई, म्हणून रोज हवा काढणे हे चांगल्या चालकाचे लक्षण होते. तो बॉयलर काढून सोळा वर्षे झाली. घरोघरी कॉम्बी आले. त्यातले पाणी बंदिस्त असते, काढलेला पेला परत येत नाही. बाबांना हे कळत असे. ऑक्टोबरपासून त्यांची वर्षे मागेपुढे होतात.

७. माझी नणंद आयसेल म्हणाली, “वेडी आहेस का? पाइप फुटला होता, दुरुस्त केला, इतकंच लिही. हे कळलं तर उद्याच नेतील त्यांना.” तिचे म्हणणे खोटे नाही. हा परिच्छेद मी चार वेळा फाडला. पण आपला माणूस कधी पहाटे आला तर त्याला हे दिसेलच, आणि मग माझ्या एकाही शब्दावर आपण विश्वास ठेवणार नाही. शिवाय एकदा खोटा आरोप करून झाला आहे. घर गार होते ते माझ्या निष्काळजीपणामुळे नाही, हेही मला कुठेतरी लिहायचे होते. महोदय, माझा सासरा एक्याऐंशी वर्षांचा झाला तरी पहाटे उठून, त्याच्या लेखी, इमारतीतली चोवीस घरे ऊबदार ठेवत होता, आणि त्यापायी आमचेच घर गारठत होते.

८. काल याकुप उस्तांनी सहा रेडिएटरची हवा काढायची झडप काढून तिथे किल्ली न लागणारी आंधळी बुचे बसविली. सातवा, घरातल्या बोळातला, दोन्ही बाजूंनी बंद करून बाकीच्यांपासून तोडला आणि बाबांसाठी तसाच ठेवला. संध्याकाळी मी त्याचा खालचा कॉक क्षणभर उघडते, म्हणजे पहाटे त्यातून पेलाभर पाणी निघते. आज पहाटे बाबांनी सहा ठिकाणी किल्ली लावून पाहिली. ती बसली नाही. “सहा ठीक आहेत,” असे म्हणून ते सातव्याकडे गेले. सात वाजता काटा १.४ वर होता. घरात एकवीस अंश.

९. आदेशासोबतच्या संमतीपत्रावर बाबांची सही हवी आहे. मी त्यांना ते पत्र सगळे वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “साहेबांना सांग, मार्च संपेपर्यंत मला जागा सोडता येत नाही. उन्हाळ्यात बोलावलं तर येईन.” म्हणून पत्र कोरेच परत पाठवीत आहे. हा नकार त्यांनी पूर्ण शुद्धीत दिला की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे. मला तो पूर्ण शुद्धीतला वाटला.

तरी विनंती की, दि. २९ पूर्वी फेरतपासणी व्हावी. पूर्वसूचना नको. पहाटे पाचला आलात तरी दार उघडीन. स्वयंपाकघरात फरशी उखडलेली आहे, जपून पाय टाकावा. तापमान कोणत्याही खोलीत मोजावे, काटा पाहावा, वही तपासावी.

बोळातला रेडिएटर मात्र थंड असेल. आपल्या निरीक्षकांनी त्याला हात लावावा, हवी तर नोंदही करावी. फक्त तो थंड आहे असे बाबांसमोर म्हणू नये.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
(सही)
गुल्सेर तान्दोआन
ब इमारत, दुसरा मजला, आकदेरे
दि. २२ जानेवारी

सोबत :
१) दाबाच्या अडतीस नोंदींची प्रत, व त्यानंतरच्या सहा.
२) याकुप उस्तांचा कामाचा दाखला.
३) इस्पितळाचा दि. १६ व १७ चा दाखला.
४) कोरे संमतीपत्र.