वेरूळहून पळणार

११ मार्च
पहाटे पडेगाव ते दौलताबाद पळत, आणि परत. गुडघा कुरकुरला, मी ऐकलं नाही. टँकरच्या रांगेतल्या बायका नेहमीप्रमाणे हसल्या. "मंगलबाई, कोण लागलंय मागं?" म्हटलं, "लागलंय की. तुम्हाला दिसत नाय." मग लॅब, दिवसभर लोकांचं रक्त काढणं.

१९ मार्च
दत्ताला डायलिसिसला नेलं. धर्मादाय केंद्र आहे, म्हणून तर माझा धाकटा भाऊ अजून आहे. दारावर कागद: पाणी नाही, आठवड्याला तीनऐवजी दोनच पाळ्या. त्या मशीनला माणसापेक्षा जास्त तहान. सिस्टर म्हणाल्या, "बोअर आटलाय, मी काय करू?" खरंय त्यांचं. पण दत्ताची पावलं आत्ताच फुगलीत. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो.

२३ मार्च
ठरलं. २० एप्रिल, वेरूळ ते पडेगाव, बावीसएक कि.मी. पळायचं. पैसे मागायचे नाहीत. केंद्राला टँकर द्या, एवढंच. पहिल्यांदा समोरच्या नव्या सोसायटीत गेले. पोहायचा तलाव काठोकाठ. सेक्रेटरी: "मॅडम, पाणी सोडून काहीही मागा." "मग त्या खड्ड्यात काय भरलंय?" विचारलं. वॉचमनला बोलावलं त्यांनी. परत जाणार.

२ एप्रिल
दत्तानं घोळ घातला! गावच्या ग्रुपवर निरोप टाक म्हटलं होतं. एका हाताला सुई, दुसऱ्यानं टाइप केलं, अर्धंच पाठवलं आणि झोपला: "ताई २० तारखेला वेरूळहून पळणार आहे. मदत करा." आमच्या देवगावच्या दोन पोरींनी पळून जाऊन वेरूळच्या देवळातच माळा घातल्यात. चुलतभावाचं लगेच उत्तर: "गाडी लागली तर सांग." हसून हसून पोट दुखलं.

संध्याकाळी गावाहून आबांचा फोन, ग्रुपवरचं बापाच्या कानावर गेलंच.
"मंगे, कुणासंगं?"
"एकटीच पळणाराय, आबा."
"एकटं कुणी पळतं व्हय?"
फोन बंद. नंतर उचलतच नाहीत.

३ एप्रिल
डोकं गरम. आठ वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हाही गाव म्हणालं, मंगल पळाली. साफ खोटं. भर दुपारी, ट्रंक घेऊन, एसटीत बसून आले. मारानं कान फुटला होता, ते कुणी बोललं नाही. आबासुद्धा नाही.
तेव्हा पळाले नव्हते. आता पळते. बोला काय बोलायचं ते.

१४ एप्रिल
अठरा कि.मी. शेवटी उलटी झाली. दत्ता म्हणाला, "ताई, माझ्यापायी मरशील." चिडले. टँकर तुझ्यासाठी रे बाबा, पळणं माझं आहे. बोलून गेले आणि मग मलाच कळलं, की खरंच

(दत्तानं चहा आणला. राहिलं.)

२० एप्रिल
वेरूळ. उजाडायच्या आत देवळापाशी पोचले, तर पायरीवर आबा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कालच्या एसटीनं आलेले. माझ्याकडे पाहिलं, बुटांकडे, मग आजूबाजूला.
"दुसरा कुठं हाय?"
"मशीनला लागलाय. दत्ता. त्याला पाणी मिळावं म्हणून पळायलेय मी."
म्हटलं आणि निघाले.
खुलताबादच्या घाटात पाय मेले. बसणारच होते, तेवढ्यात मागून आवाज आला, हर्र, हर्र! मेंढरं चढावर घालताना देतात ती हाक. टमटममधून अर्धे बाहेर लटकलेले आबा. मी मेंढरू आहे का, म्हणून ओरडले त्यांच्यावर. रडले. चढले.
पडेगावात रांगेतल्या बायका रिकामे हंडे वाजवत उभ्या होत्या.

२६ एप्रिल
त्या बायकांनी गल्लीचा शनिवारचा टँकर केंद्राला लावून दिला. स्वतःचं पाणी! लाज वाटली, पण घेतला. दत्ताची या आठवड्यात तिसरी पाळी झाली. घोट्याचं हाड दिसायला लागलंय. पुढच्या आठवड्याचं सिस्टरनाही माहीत नाही.
आबांचा फोन आला. आधी मेंढरांचं, मग चाऱ्याचं. मग हळूच, "पुन्यांदा कवा पळणार? गावात लई इचारायलेत. म्या सांगितलं, व्हय, माझी मंगल पळती."
तारीख सांगितली नाही. उद्या आधी सोसायटीत जायचंय. तलाव अजून काठोकाठ आहे.