हलकं चाक

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. गॅरेज घराला लागून. हाक मारली की काळ्या हातांनी तुम्ही दारात हजर. पण आज लासुर्ण्याचे तात्या येऊन गेले. हो, तेच! हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही.

काय वेड होतं हो तुम्हाला त्या जुन्या गाड्यांच्या इंजिनांचं! व्हॉल्व्ह वेळेवर उघडावेत म्हणून आत जे टायमिंगचं चाक फिरतं, ते काढायचं, लेथवर कोरायचं, त्याला सारखी भोकं पाडायची. मग दांडीवर बसवून दोन पात्यांवर फिरवून बघायचं. जड बाजू खाली आली की पुन्हा घासायचं. "चांगल्या चाकाची चाळण कशाला करताय?" मी म्हणायचे.

तर तुम्ही मला अंगणात उभं केलंत. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेले तांबे. "हात लांब कर न् गरगर फिर. आता तांबे छातीशी धर न् फिर. कळलं? कडंचं वजन जास्त नडतं. फिरणारं वजन इंजनाची ताकद खातं." मला कळली ती फक्त चक्कर! शेजारच्या पारूबाई ओरडल्या, "आगं, ह्या वयात फुगडी व्हय?" केवढे लाजलात! लाजलात की देखणे दिसायचात.

तात्यांच्या गाडीला तसंच चाक बसवलंत आणि हौसेनं सांगितलंत, "तात्या, चाक हलकं केलंय." हलकं! बाजारात हलकं म्हणजे काय, ठाऊक नव्हतं तुम्हाला? रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथपाशी तात्या चारचौघांत म्हणाले, "मिस्त्रीनं हलका माल घातला माझ्या गाडीत." गिऱ्हाइकं तुटली.

आणि तो शब्द आपल्याला काय नवा होता? मामंजींनी तो जातीवरून ऐकला होता. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन त्यांनी तो उंबऱ्याबाहेर टाकला, आणि तुम्ही तोच गॅरेजात आणलात. "वजन कमी केलं म्हणा की," मी विनवलं. तर म्हणे, "म्हंजे? चाक आजारी पडलं व्हय?" मग हसू आवरून म्हणालात, "हलकं म्हंजे चपळ. शब्द चांगला हाय. त्यो आपून सोडायचा न्हाय."

नाहीच सोडलात. बोल लागलेलं नाव घेऊन गेलात. असं जायचं असतं का हो?

आज तात्या दारात आले. इंदापुरात त्यांच्या गाडीचं इंजिन खोललं होतं. चाक फिरवणारी चेन ढिली पडलेली, पण तुमच्या चाकाला काही झालेलं नाही. तिथल्या कारागिरानं ते हातात फिरवून विचारलं, हे कुणी केलं? तात्या म्हणाले, "भावाच्या गाडीला तसंच पायजे, वैनी. मिस्त्री कुठं हायेत?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. तात्या ओट्यावर बसलेच. "मला कुणी सांगितलं न्हाय, वैनी."

मी पाणी दिलं. आणि विचारलंच, "तात्या, चांगलं चाक पायजे का हलकं?"

त्यांनी मान खाली घातली. "हलकं, वैनी. हलकंच पायजे."

"मग हे मला नगा सांगू. जितं बोलला व्हता, तितं सांगा."

गेले हो! ताठ मानेचा माणूस, पण गेले. बूथपाशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण माणसं वळून आपल्या गॅरेजाकडे बघत होती. मी पदर डोळ्यांना लावला नाही. तशीच उभी राहिले, त्यांना दिसेल अशी.

तात्यांच्या भावाचं चाक आपला दिनकर करील. भाऊ तुमचा, हात तुमच्यासारखाच, पण भितो. गिऱ्हाइकाला 'स्पेशल चाक' म्हणून सांगतो. आता नाही. माझा शब्द घ्या: यापुढं या गॅरेजातून चाक बाहेर पडेल ते 'हलकं' म्हणूनच, आणि मोठ्यानं. दिनकरची जीभ अडखळली, तर मी म्हणेन.

जयभीम.

तुमची,
शांता