सकाळी वाचणारी

२० ऑक्टोबर २००८, सोमवार

हो म्हणून बसले. काल उपासना संपल्यावर पाळक दारिनाबाईंनी मला दारातच गाठलं. वरच्या आळीतल्या जुस्टीना मावशीला रोज दुपारी कोणीतरी बायबल वाचून दाखवायला हवं — दोन वर्षांपूर्वी डोळे गेले, आता पायही गेले. मी म्हटलं, मंडळीत माझ्यापेक्षा चांगलं वाचणाऱ्या बायका आहेत.

"असतील," त्या म्हणाल्या. "पण मावशीने तुमचंच नाव घेतलं."

माझं नाव. इतक्या वर्षांत त्या बाईशी नमस्काराच्या पुढे मी कधी बोलले नाही. रस्त्यात दिसली तर पलीकडच्या कडेने जायचे. का, ते इथेसुद्धा लिहिणार नाही.

२१ ऑक्टोबर

तीन वाजता गेले. शेजारचा सामुएल दार उघडायला आला. किल्ली त्याच्याकडे असते. रोज नऊला लाकडं आणि दूध, बाराला जेवण — सगळं तोच बघतो. बायको गेल्यापासून त्याला हेच एक काम आहे, आणि दिवसभर तो त्याच्याबद्दल कुरकुरतो.

मावशी अठ्ठ्याऐंशीची. उशीवर डोकं केवढंसं दिसतं. तिच्या सासऱ्याच्या वेळचं बायबल, जुन्या वळणाची अक्षरं, फळीइतकं जड. पहिल्या कोऱ्या पानावर घरातली नावं, जन्म, मरण. त्यातलं एक नाव पात्याने खरवडून काढलेलं. कागद तिथे इतका झिजलाय की मागचं दिसतं.

ते कोणाचं नाव ते मला विचारावं लागलं नाही.

ईयोबापासून सुरू कर म्हणाली. तीन अध्याय वाचले. माझा आवाज लागत नव्हता. निघताना पुस्तकातली लाल फीत घातली, खुर्ची खिडकीशी परत ठेवली.

२४ ऑक्टोबर

आज दारातून आत पाऊल टाकते तोच — "परत आलीस?"

"परत कुठली मावशी, आत्ताच येतेय."

"सकाळी वाचून गेलीस की."

म्हातारपण. पुस्तक उघडलं तर फीत चार अध्याय पुढे.

२५ ऑक्टोबर

सामुएलला फितीबद्दल विचारलं. "मी?" म्हणाला. "चष्म्याशिवाय मला तंबाखूचं पाकीट वाचता येत नाही, ईयोब कुठून वाचणार? आणि वाचायला बसलो तर तिचं दूध कोण तापवणार, तू?" सकाळी कोणी येतं का? "पाळकबाई डोकावतात कधीमधी. बाकी कोण येणार या चढावर."

मग फीत सरकली असेल. पुस्तक जड आहे, पडलं असेल.

२८ ऑक्टोबर

फीत पुन्हा पुढे. मावशी म्हणते, सकाळी तू जास्त चांगलं वाचतेस. सावकाश. मध्येच थांबत नाहीस. "दुपारी तुला भीती वाटते का गं?"

३० ऑक्टोबर

गेले नाही. सर्दी झाल्याचं कळवलं. सर्दी नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज मृतांच्या स्मरणाचा दिवस. अंधार पडायच्या आत कबरस्तानात जाऊन नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावून आले. सामुएल तिथेच होता, मावशीच्या नवऱ्याची कबर साफ करत. कबरीवर दोन मेणबत्त्या. एकच माणूस पुरलाय तिथे.

"दुसरी गुस्तावची," तो म्हणाला. "तिच्या भावाची. लाव म्हणाली. मी तर उडालोच. चाळीस वर्षांत तिच्या तोंडून ते नाव ऐकलं नाही. नव्वद साली तो परदेशात वारल्याची बातमी आली तेव्हा ही बाई कोबी चिरत होती, ती चिरतच राहिली. एक पत्र टाकलं नाही म्हणे त्याने. एक ओळ नाही."

धुकं इतकं होतं की फाटकाशी पोचेपर्यंत मागच्या सगळ्या मेणबत्त्या विझल्यासारख्या वाटल्या. मी वळून बघितलं नाही.

३ नोव्हेंबर

आज पुन्हा गेले. पुस्तक उघडणार तेवढ्यात मावशी म्हणाली, "तिकडच्या आलुबुखारांना चव नसते म्हणे. नुसतं पाणी. आपल्या विहिरीजवळच्या झाडाची त्याला आठवण यायची."

"कोणाला मावशी?"

"गुस्तावला. सकाळी पत्र वाचलंस ना तू त्याचं."

पुढचं काय वाचलं मला माहीत नाही. ओठ हलत होते एवढंच. घरी आले ती कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिले.

आलुबुखारांचं पत्र एकोणसत्तरच्या ऑक्टोबरमध्ये आलं. निळं पातळ पाकीट.

४ नोव्हेंबर

लिहून टाकते. नाहीतर वेड लागेल.

एकवीस वर्षांची होते, टपाल कचेरीत नवीन लागलेले. जिल्ह्याहून दर गुरुवारी सरकारी पाळतीवरचा एक माणूस यायचा. किडकिडीत, सारखी पेपरमिंटची गोळी चघळायचा. बाहेरच्या देशांतून येणारी काही नावांची पत्रं त्याच्यासाठी बाजूला ठेवायची. त्यात जुस्टीना मावशीचं नाव होतं — भाऊ सीमा ओलांडून पळून गेलेला, नवरा चर्चचा विश्वस्त. पत्रं परत आणून देईन म्हणायचा. एकही परत आलं नाही.

सात वर्षांत सात पत्रं. सातही मी त्याच्या हातात दिली.

पण ते त्याने मागितलं होतं. जे कोणीच मागितलं नव्हतं ते असं — गुरुवार उजाडायच्या आधी मी प्रत्येक पत्र किटलीच्या वाफेवर उघडलं आणि वाचलं. वाचून परत चिकटवलं. या गावात मला तेव्हा कोणी पत्र लिहीत नव्हतं. गुस्ताव छान लिहायचा. मी वाट बघायचे त्याच्या पत्राची. तिच्याइतकीच.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तिला नुसती आलुबुखारं सुचली असतील. म्हातारी आहे. कोणालाही सुचतील.

६ नोव्हेंबर

"त्याच्या मुलीचं नाव जुस्टीना ठेवलं," मावशी म्हणाली. "डावखुरी आहे म्हणे, माझ्यासारखी. सकाळी ऐकलं आणि मी दिवसभर हाताकडेच — बघते म्हणू कसं, पण तेच."

बहात्तरचं पत्र.

७ नोव्हेंबर

आज सकाळी साडेसातला तिच्या घरासमोर, कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. पावणेनऊपर्यंत. कोणी आत गेलं नाही, कोणी बाहेर आलं नाही. बर्फासारखा गारठा. नऊला सामुएल लाकडं घेऊन आला, मला बघून म्हणाला, "काय गं, पहाऱ्याला उभी आहेस का?" त्याच्या मागोमाग मी आत गेले.

मावशी जागी होती. चेहरा आमच्याकडे वळवला. "आत्ताच संपवलं तिने," म्हणाली. "तुम्ही चुकलात."

फीत स्तोत्रांपाशी. सामुएलने खांदे उडवले आणि चूल पेटवायला बसला. त्याला यात काही विचित्र वाटत नाही. म्हातारी माणसं बोलतातच, म्हणतो. खुर्ची पलंगाला लागून होती. मी रोज ती खिडकीशी ठेवते.

९ नोव्हेंबर, रविवार

दारिनाबाई प्रवचनात क्षमेवर बोलल्या. मी जमिनीकडे बघत राहिले. फरशीच्या कडेला मेण सांडलंय, कोणीतरी खरवडायला हवं.

११ नोव्हेंबर

मधली पत्रंही एकेक करून निघाली. शेवटचं उरलं होतं. ते आज निघेल हे मला चढ चढतानाच ठाऊक होतं.

मावशी रडत होती. आवाज न करता, नुसतं पाणी कानांकडे वाहत होतं. "एक ओळ लिही म्हणाला. जुस्टी, एकच ओळ. नाहीतर मी समजेन की तू मला मेलेला धरलंयस. त्याने तसंच समजलं असणार गं. मी त्याचं नाव खरवडत होते आणि तो तिकडे वाट बघत होता."

मी पुस्तक मिटलं. गुडघे टेकून बसले. आणि सांगितलं. गुरुवारचा माणूस, किटली, वाफ, सगळं. सातही पत्रं मीच दिली म्हटलं. वाचलीही मीच. पाठ आहेत.

चुलीत लाकूड फुटलं.

"हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं," मावशी म्हणाली. "सकाळी येते ना, तिने. असंच गुडघ्यांवर बसून. तिला मी क्षमा केली."

"मावशी, ती मीच —"

"तुझं आज ऐकलं. तुझं मला अजून जमत नाही. उद्या ये."

१२ नोव्हेंबर

गेले. वाचायला लावलं नाही. म्हणाली, पहिलं पान उघड, पेन घे. जिथे खरवडलंय तिथेच लिही. गुस्ताव. त्याच्याखाली जुस्टीना, त्याची मुलगी. कागद इतका पातळ की शाई पलीकडे उतरली. मी सांगितलं तसं. "उतरू दे," म्हणाली.

मग पत्र. भाचीला. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. लांबलचक नाही. आलुबुखाराचं झाड अजून आहे. माझे डोळे गेले. तुझ्या बापाचं पत्र मला मिळालं, उशिरा मिळालं.

"पत्ता कुठून आणणार?" तिने विचारलं.

पत्ता मला पाठ होता. सात पाकिटांच्या मागे वाचलेला. ती तिथे अजून राहते की नाही, देव जाणे. पत्र मी स्वतः टपालात टाकलं. पाकीट फटीतून आत पडल्याचा आवाज आला तरी तिथून हलवेना. खिडकीतल्या मुलीने विचारलं, काकू, काही विसरलात का?

१९ नोव्हेंबर

रोज जाते. आता दुपारीही भीती वाटत नाही. ती मध्येच माझ्या मनगटावर हात ठेवते. फीत आता सकाळी हलत नाही. जिथे ठेवते तिथेच असते. विचारावंसं वाटलं, सकाळची येत नाही का. विचारलं नाही.

२६ नोव्हेंबर

बर्फ. खसखशीच्या शेवया करून नेल्या. दोन घास खाल्ले तिने. "झेल्मिरा," म्हणाली — मला नावाने पहिल्यांदाच हाक मारली — "तुझंही झालं हं. कालच झालं. सांगायचं राहून गेलं."

मी समजले. शेवयांचं ताट घेऊन उगाच चुलीपाशी गेले.

२ डिसेंबर, मंगळवार

मावशी गेली. सकाळी नऊला सामुएल लाकडं घेऊन गेला तेव्हा शांत पडली होती. पुस्तक दुलईवर उघडं. खुर्ची पलंगाशी. "काल तूच ठेवली असशील," तो म्हणाला. मी हो म्हटलं.

५ डिसेंबर

काल पुरलं तिला. आज तिच्या घरी आवराआवर, सामुएल आणि मी. त्याला आता किल्लीचं काय करावं कळत नाही. खिशातून काढतो, परत ठेवतो.

भांडी पुसता पुसता म्हणाला, उन्हाळ्यात मावशीने राजधानीतल्या कचेरीत अर्ज केला होता. जुन्या राजवटीने ज्यांच्यावर पाळत ठेवली त्यांचे कागद तिथे मागता येतात, पत्रंबित्रं सगळी ठेवलेली असतात. अर्ज दारिनाबाईंनी लिहून दिला.

मी हातातली बशी खाली ठेवली. असं आहे तर. कागद आले, दारिनाबाईंनी सकाळी येऊन वाचून दाखवले. त्यात माझं नावही असणारच. आंधळ्या म्हातारीने दोन बायकांचे आवाज एक केले. की मुद्दाम केले, मी बोलावं म्हणून? म्हणूनच मला बोलावलं असणार. त्या सकाळी मी कुंपणाशी होते तेव्हा परसातल्या दारानेही कोणी येऊ शकलं असतं. मला सुचलंच नाही.

घरी येताना हसू आलं, मग लाज वाटली. महिनाभर भुताला भ्यायले, आणि ते भूत म्हणजे आमच्या पाळकबाई. पण हायसं वाटलं. फार हायसं. आज गाढ झोप लागेल.

९ डिसेंबर

दारिनाबाई दुपारी घरी आल्या. हातात जाड लखोटा, राजधानीहून आलेला, मावशीच्या नावाचा. काल टपालाने पोचला. "बिचारी उन्हाळ्यापासून रोज विचारायची, आले का कागद," त्या म्हणाल्या. "आत काय आहे मलाही माहीत नाही. तिने सांगून ठेवलं होतं, मी नसले तर झेल्मिराला द्या."

त्या गेल्यावर कडेवरून बोट फिरवलं. तीस वर्षं टपालात काढलीत. एकदा उघडून परत चिकटवलेला लखोटा मला डोळे मिटूनही कळेल.

हा कोणीही उघडलेला नाही.