फ्रिजला टांगलेला वर्तमानकाळ

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? (नुसतं ‘बरा आहे’ लिहू नकोस. जिना चढताना दुखतो की उतरताना, ते लिही. दोन्हींची कारणं वेगळी असतात.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझा मुद्दा राहून जातो.

मी स्पॅनिश शिकते आहे. सध्या फक्त वर्तमानकाळ. काल काय झालं आणि उद्या काय होईल हे मला त्या भाषेत सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात मला आरामच वाटतो. शिकण्याचं कारण असं की कंपनीचा परदेशात नवा कारखाना होतो आहे, तिथले कामगार स्पॅनिश बोलतात, आणि तोंडी परीक्षा पास झाले तर तिथल्या मशिनरीची देखभाल दोन वर्षं माझ्याकडे येणार होती. बाबांना मी ‘छंद आहे’ एवढंच सांगितलं होतं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत हे तुला माहीत आहे, म्हणून हे वाक्य पुढे वाढवत नाही.

आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की घरातल्या वस्तूंवर क्रियापदांची कार्डं टांगा आणि वस्तूला हात लावताना वाक्य मोठ्याने म्हणा. मला पटलं. कामावरून जुन्या छपाईचे लाल टॅग आणले (रद्दीत निघाले होते, विचारून आणले) आणि सकाळी पाळीला जाण्यापूर्वी टांगून टाकले. फ्रिजवर ‘यो आब्रो’, म्हणजे मी उघडते. पाण्याच्या फिल्टरवर ‘यो बेबो’, मी पिते. वॉशिंग मशीनवर ‘यो लावो’, मी धुते. बाबा दुपारी पडतात त्या दिवाणावर ‘यो दुएर्मो’, मी झोपते. माझ्या हत्यारांच्या पेटीवर ‘यो आरेग्लो’, मी दुरुस्त करते. (आपल्याकडे बाबा ‘करतो’ म्हणणार आणि मी ‘करते’. त्यांच्याकडे दोघांनाही ‘आरेग्लो’च. आमचं दोघांचं एका शब्दावर एकमत व्हायला परकी भाषा लागली.) ‘जाणे’ हे क्रियापद नियमात बसत नाही, वेगळं पाठ करावं लागतं. त्याचं कार्ड लिहिलं, पण टांगायला घरात जागा सापडली नाही. खणात ठेवलं.

आता चूक. टॅगवर नावाचा रकाना असतो. रिकामा रकाना मला बघवत नाही, म्हणून प्रत्येकावर माझं नाव लिहिलं. बाबा आयुष्यभर फिटर होते. मशिनला कुणाच्या नावाचा लाल टॅग दिसला की काम चालू आहे असं समजायचं, आणि ज्याने लावला त्यानेच काढेपर्यंत साहेबानेसुद्धा हात लावायचा नाही, हे त्यांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं.

त्यांनी हात लावला नाही. फक्त टॅग लावलेला फ्रिज चालू आहे हे पाहून त्यांना माझ्या निष्काळजीपणाचा धक्का बसला, आणि त्यांनी भिंतीवरच्या बटणांवरून फ्रिज, फिल्टर आणि वॉशिंग मशीन बंद केलं. मी संध्याकाळी आले तेव्हा दूध नासलेलं, अर्धे कपडे बादलीत, प्यायचं पाणी शेजारच्या काकूंकडून आणलेलं, आणि बाबा रिकाम्या दिवाणासमोर खुर्चीत ताठ बसून डुलक्या घेत होते.

“दिवाणाचं काय बिघडलंय?” त्यांनी पहिलं तेच विचारलं.

“काही नाही. अभ्यास आहे.”

“मग टॅग कशाला? आणि सप्लाय बंद न करता लावलास? हेच शिकवलं का मी तुला?”

काकू दारातून म्हणाल्या, “अहो, काढून टाकायचा ना तो कागद!” बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्या पाण्याचं भांडं न घेताच गेल्या.

मी एकेक टॅग काढत अर्थ सांगत गेले. ते प्रत्येक वाक्य मागून म्हणत होते (उच्चार माझ्यापेक्षा बरे, सांगितलं नाही). दुसऱ्या दिवशी त्यांनीच ती वाक्यं पांढऱ्या कागदावर लिहून घेतली आणि परत टांगली. तेव्हापासून आमच्याकडे फ्रिज उघडायचा तर घोषणा करावी लागते.

परीक्षेसाठी मोटरची वाक्यं रोज रात्री घरात मोठ्याने घोकली. परीक्षा गेल्या आठवड्यात झाली. एका मोटरपाशी उभं करून विचारलं, काय करतेस ते सांग. मी बंद करते, मी टॅग लावते, मी उघडते, मी दुरुस्त करते. सगळं वर्तमानकाळात मावलं. पास झाले.

प्रकृतीला जप. काकांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहिते. बाबांना अजून सांगितलेलं नाही. मला ते वाक्य कुठल्याच भाषेत जमत नाही. ते तुझं ऐकतात. तू ये, आणि तू सांग.

ता. क. २. पाकीट बंद करण्यापूर्वी मोठी बॅग माळ्यावरून काढायला गेले, तर ती आधीच खाली, बाबांच्या खोलीत आडवी. मुठीला लाल टॅग. ‘यो आरेग्लो’. खाली बाबांचं नाव. एक चाक काढलेलं होतं. कुणी सांगितलं, म्हणून विचारलं. “सांगायला कशाला पाहिजे? छंदात सारखी मोटर येते का कुणाच्या?” असं म्हणून त्यांनी माझ्याच पेटीतला पाना मागितला. टॅग कधी निघणार, तर चाक फिरायला लागलं की. तोवर मी बॅगेला हात लावू शकत नाही. खणातलं ‘जाणे’चं कार्ड मात्र त्या टॅगशेजारी टांगून आले. त्यांनी वाचलं आणि तेल मागितलं.

म्हणजे आता तू सांगायला यायची गरज नाही. तरी ये. मी गेल्यावर त्यांच्याशी वर्तमानकाळात बोलायला कुणीतरी हवं. पाठ करायची वाक्यं सोबत पाठवते आहे.